एक फॅरडचा डबा

१९ जुलै

आठ दिवस झाले, पाऊस नाही. दुकानात दिवसभरात दोन गिऱ्हाईकं. एकाचा हॉर्न, एकाचा फ्यूज. ऑटो इलेक्ट्रिकचं काम म्हणजे लोकांच्या हातात पैसा असला तं काम.

दुपारी देवानंद राठोड जीप घेऊन आला. उंबरपोडच्या बाजूच्या तांड्यावरचा. पोडात कोलामांची तीस-पस्तीस घरं, तांड्यावर तेवढीच, अन दोन्हीकडे मिळून चारचाकी हीच एक. सकाळी सवाऱ्या घेऊन घाटंजीले येते, संध्याकाळी वापस. मागच्या उन्हाळ्यात त्याले मोठा वूफर अन अँप मीच बसवून देला. आता तक्रार अशी का गाण्यात ढम् वाजलं का हेडलाईट मिचकते. म्हून नागपूरहून एक डबा घेऊन आला. चकचकीत, दुधाच्या बरणीएवढा, वर व्होल्ट दाखवणारे निळे आकडे. एक फॅरडचा कॅपॅसिटर. तो म्हणते "कपाशीटर". हसलो. कपाशीनं तं या वर्षी कोणाले हसवलं नाही.

म्हटलं, "अरे, हा वीज तयार नाही करत. ढम् वाजलं का अँपले एकदम जास्त लागते, तेवढी हा क्षणभर देते. मग तेवढीच बॅटरीकडून वापस घेते. तुझी बॅटरी म्हातारी झाली, अर्थिंगले गंज आला. आधी ते कर."

"भाऊ, दुकानवाला म्हणे हे लावलं का लाईट हलतच नाई."

"त्याले डबा विकायचा होता."

तोंड पाडून गेला. मले नाही म्हणायची सवय आहे. म्हूनच दोन गिऱ्हाईकं.

२२ जुलै

देवानंद वापस आला. स्टँडजवळच्या नव्या दुकानात जाऊन आलता म्हणे, ते तासाभरात लावून देतो म्हणतात. "पन मी म्हटलं, प्रकाशभाऊचाच हात पाह्यजे." लोणी लावून राह्यला, समजत होतं. तरी घेतलं काम.

डबा अँपच्या बाजूले, हातभर वायर, त्याच्यापेक्षा जास्त नाही. बॉडीचा रंग घासून लखलखीत पत्रा काढला, तिथं अर्थिंग. बॅटरीपाशी फ्यूज. डबा एकदम जोडला तं ठिणगी उडते, म्हून आधी मधात बल्ब धरून भरला. बल्ब पहिले झगझगीत, मग मंद, मग विझला. म्हणजे भरला. हे पाहायले अजूनही मजा येते. तीस वर्षं झाली आयटीआय सोडून.

मग म्हणे, चावी काढल्यावरही गाणे वाजले पाह्यजे. लग्नात गाडी उभी राहते, चावी ठेवता येत नाही. डेक अन अँपले जागं करणारी बारीक वायर चावीवरून काढली, डायरेक्ट बॅटरीवर घेतली, स्टेअरिंगखाली एक बटन. सांगतलं, "उतरताना बटन बंद. विसरला तं सकाळी गाडी चालू होणार नाही."

"हो भाऊ, हो."

गाणं लावलं. दुकानाचं शटर थरथरलं. आवाज खरंच चांगला होता, खोटं कायले लिहू.

५ ऑगस्ट

देवानंद रस्त्यात भेटला. लाईट अजून मिचकतेच. म्हटलं, मी काय म्हटलतं? बॅटरी! म्हणे दिवाळीनंतर. पण निळ्या आकड्यांवर बम खूश आहे. सवाऱ्या मागं वळून वळून पाहतात म्हणे.

पाऊस आला दोन दिवस. आता सगळे फवारणीच्या मागं. बोंडात गुलाबी अळी. माझा साळा, रत्नाचा भाऊ, सांगत होता, एकाच पंपात दोन-दोन औषधं मिसळून राह्यले लोक. एकानं मरत नाही ना अळी.

२१ ऑगस्ट

पोळा. बैल कमी, गाड्या जास्त. देवानंदची जीप तोरणाजवळ उभी, गाणे फुल्ल. कोणी म्हणे, "प्रकाशभाऊनं बसवलं हे." छाती फुगली थोडी. लिहून ठेवतो, फुगली.

१२ सप्टेंबर

उंबरपोडचा किसना आत्राम यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात आहे. फवारणीचं औषध अंगात भिनलं. बाबारावजी मोठे कास्तकार, त्यायच्या वावरात मजुरीनं फवारत होता. कपाशी डोक्याच्या वर गेली यंदा, माणूस खाली, फवारा वर. सगळं तोंडावरच पडते.

चहाच्या टपरीवर ऐकलं. अन पुढचंही तिथंच ऐकलं, का देवानंदची जीप चालू झाली नाही. पोरांनी धक्के मारले, तरी नाही. फोनले रेंज नाही, रेंजसाठी टेकडी चढावं लागते. लागला तं सरकारी अॅम्ब्युलन्स दुसरीकडं गेलती. शेवटी बैलगाडीत घालून डांबरी रस्त्यावर आणला, तिथून एका ट्रकवाल्यानं घेतला. दोन तास गेले.

चहा अर्धा टाकून आलो.

१३ सप्टेंबर

देवानंद सकाळीच दारात. दुकान उघडायच्या आधी. डोळे सुजलेले.

सोमवारी पोरीचा पहिला वाढदिवस होता. जीप अंगणात लावली, चावी काढली, बटन टाकलं, तांड्याले गाणे ऐकवले. जेवणं झाले, त्यानं पेन ड्राईव्ह काढून खिशात घातला. आवाज बंद झाला. त्याले वाटलं, सगळंच बंद झालं. बटन चालूच. डेक जागा, अँप जागा, डब्याचे आकडे जागे. रात्रभर.

सकाळी किसनाले खाटेवर घेऊन लोक आले. यानं चावी फिरवली. टक् झालं, बस.

"पन भाऊ, आकडा दिसत होता ना! अकरा पॉइंट सहा. मले वाटलं बॅटरी आहे."

आकडा दाखवायले ताकद लागत नाही. सेल्फ मारायले लागते.

"धक्का मारला तं?"

"आमचं अंगन खड्ड्यात, भाऊ. चढावर धक्का देऊन पाह्यला. तीनदा."

रडला. मी त्याले पाणी देलं.

आता एक गोष्ट, जी बावीस जुलैले लिहिली नाही. असं बटन लावलं का मी त्याच्यावर लाल बल्ब लावतो. बटन चालू असलं का बल्ब पेटलेला, उतरताना डोळ्यात भरते. दर वेळी लावतो. बल्ब ड्रॉवरमध्ये होता. दोन मिनिटांचं काम. पण त्यानं नव्या दुकानाचं नाव काढलतं, मले राग होता, भूक लागलती. मनात म्हटलं, एवढं शहाणपण आहे त्याले, तं बटनही तोच लक्षात ठेवीन.

असं म्हटलं होतं मी. शब्द न शब्द.

१५ सप्टेंबर

किसना गेला. पहाटे. बायको सुमन, दोन पोरी.

रत्ना म्हणे, मातीले जा. नाही गेलो. काय तोंड दाखवू?

१९ सप्टेंबर

पेपरात रोज एक नाव, फवारणीचं. कुठं वणी, कुठं आर्णी, कुठं आमचं. किसनाचं दोन ओळीत संपलं.

देवानंद जीप घेऊन आला. बॅटरी नवी टाकून आणली. म्हणे, "भाऊ, ते वायर काढून टाका. डबा बी काढा. पयल्यासारखी करून द्या. बाबारावचे मानसं इचारत होते, गाडीत काय काय बसवलं म्हून."

"लपवायचं आहे?"

"माह्या पोरीचा वाढदिवस होता, भाऊ. मी कोनाचं वाईट केलं?"

काढलं मी. अर्ध्या तासात. बटनाचं भोक राह्यलं डॅशबोर्डले, त्याच्यावर स्टिकर लावला. बुद्धविहारात दर रविवारी "खोटं बोलणार नाही" म्हणतो अन इकडं पत्र्यावर स्टिकर चिकटवून राह्यलो.

डबा माझ्यापाशीच ठेवून गेला. म्हणे, घरात नको.

२० सप्टेंबर

दुपारी डबा बल्ब लावून रिकामा केला. बल्ब पेटला अन लगेच गेला. एक फॅरडले इतक्या लवकर जायले नाही पाह्यजे. हॅकसॉनं कापला. आत पत्र्याच्या मधात एक छोटा कॅपॅसिटर, मुठीएवढा. बाकी सगळा काळा डिंक, दगडासारखा. वजन यावं म्हून भरलेला.

तीस वर्षं या धंद्यात. हातात घेतला तेव्हा ओळखता आला नाही. का ओळखला असता, पण वायर जोडायची घाई होती?

२६ सप्टेंबर

बाबारावजी स्वतः दुकानात. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. आमच्या दुकानात त्यायचा ड्रायव्हर येते, ते नाही. स्टूल पुसून देलं. बसले नाहीत.

"मिस्तरी, तू खरं बोलनारा मानूस. सारं घाटंजी म्हनते."

"काय काम होतं?"

"चौकशी येऊन राह्यली. तहसीलचे लोक, कृषीचे लोक. आता तू सांग, मानूस वेळेवर पोचला असता तं वाचला असता का नाई?"

"मी डॉक्टर नाही."

"पन वायरिंग तुले समजते. जीप काहून बंद पडली हे तुले ठाव आहे. फक्त एवढं लिहून दे. काई खोटं नाई लिहायचं. खरं तेच."

म्हटलं, "पंपात काय काय मिसळलतं?"

रस्त्याकडं पाहून राह्यले. मग म्हणे, "ते कृषी केंद्रवाल्यानं सांगतलं तसं मिसळलं."

"तोंडाले फडकं तरी देलतं का?"

"मिस्तरी, तुले तुझ्या कामाचं इचारलं."

गेले. सारी जिंदगी खरं बोललो तं लोक म्हणे याची जीभ कडू. आता पहिल्यांदा कोणाले माझं खरं पाह्यजे, तं ते याले पाह्यजे.

२७ सप्टेंबर

र. ले सगळं सांगतलं. लाल बल्बचंही. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही.

"आता काय करता?"

"लिहून देलं तं बाबाराव सुटते. नाही देलं तं मी सुटतो."

"मंग सगळंच सांगा ना. तुमचं बी, त्याचं बी. अर्धं सांगसान तं ते अर्धं ज्याच्या कामाचं, त्याचं होईन."

दहावी नापास बाई. मी वकिलाकडं जाणार होतो.

४ ऑक्टोबर

बाजाराचा दिवस. सुमन आली दुकानात. मी आधी ओळखलं नाही. बारीक बाई, हातात थैली, मोठी पोरगी सोबत नाही, लहानी कडेवर. उभीच राह्यली.

"तुमी प्रकाशभाऊ? देवानंदच्या गाडीचे मिस्तरी?"

"हो."

"गाडी काहून नाई चालू झाली?"

सरळ. ना रडणं, ना शिव्या. दर गिऱ्हाईक असंच विचारते, गाडी काहून चालू होत नाही.

मी म्हटलं, "बॅटरी जुनी होती, बाई."

तिनं मान हलवली. पोरीले दुसऱ्या कडेवर घेतलं. गेली.

बॅटरी जुनी होती. हे खरं आहे. याच्याएवढं खोटं मी आजपर्यंत बोललो नाही.

५ ऑक्टोबर

काम नाही झालं. एका ट्रॅक्टरच्या डायनामोचे ब्रश उलटे बसवले.

७ ऑक्टोबर

मोटरसायकल काढली, उंबरपोडले गेलो. डांबरी संपल्यावर पाच किलोमीटर खडी. दोन्हीकडं बाबारावजीची कपाशी. हिरवीगार, उंच, आतून अळीनं पोकळ. तांड्यावरून जाताना देवानंदची जीप अंगणात दिसली. खरंच खड्ड्यात आहे अंगण. तो दिसला नाही. बरं झालं.

सुमन चुलीसाठी काड्या मोडत होती. बाज टाकली. मी बाजेवर नाही बसलो.

सगळं सांगतलं. बटन, डायरेक्ट वायर, वाढदिवस, पेन ड्राईव्ह. जीपमधलं सगळं मीच काढून टाकलं, तेही. मग लाल बल्बही सांगतला. "लावायचा होता. रागात नाही लावला."

ती काड्या मोडत राह्यली. मग म्हणे, "त्याले आदल्या दिवशी दुपारपासूनच होत होतं."

"काय?"

"डोये चुरचुरत होते. उलट्या. तोंडाले फेस. बाबारावच्या दिवानजीले सांगतलं, गाडी द्या. तो म्हने, निंबूपानी दे, झोपू दे, सकायी उतरते. त्यायची गाडी तिथंच उभी होती, वावरात. सकायी मंग देवानंदकडं नेलं."

म्हणजे आदली दुपार, सारी रात. मग माझे दोन तास.

आत कुठं तरी हलकं वाटलं मले. वाटलं अन लगेच लाज वाटली. तिनं तोंड पाह्यलं असंन माझं.

"तुमचं कमी नाई झालं याच्यानं," ती म्हणे.

"नाही."

"चौकशीले याल? हे सगळं सांगाल? त्यायचं बी अन तुमचं बी?"

"येतो."

"देवानंदचं बी सांगा लागीन. तो रोज डाळ-तांदूळ आनून देते. मी घेतो. पोरी आहेत. पन सांगा."

पाणी देलं तिनं. प्यालो. जाताना माफी मागायची होती. शब्द घरून तयार करून नेले होते. नाही मागितली. मागितली असती तं तिले काही तरी म्हणावं लागलं असतं.

१२ ऑक्टोबर

ग्रामपंचायतीत चौकशी. एक मोठे साहेब, दोन बाबू, एक कृषीचे. बाबारावजी खुर्चीवर साहेबाच्या बाजूले, चहा त्यायच्याच घरचा. पोडाचे लोक बाहेर, उन्हात. सुमनले आत बोलावलं, नाव विचारलं, वय विचारलं, अंगठा घेतला, बसवलं. ती दुपारची गोष्ट सांगायले लागली, दिवानजीचं नाव काढलं. साहेब म्हणे, "हो, हो, ते आलंय आमच्याकडे." बाबूचा पेन हलला नाही. मी पाहून राह्यलो होतो पेनाकडंच.

मग मी. सगळं सांगतलं. देवानंद दाराशी उभा होता. मी त्याच्या पोरीच्या वाढदिवसाचं बोललो तेव्हा त्यानं माझ्याकडं असं पाह्यलं, का... नाही लिहिता येत.

आता पेन बम पळत होता. कॅपॅसिटर, वूफर, डायरेक्ट वायर, सगळं. स्पेलिंग विचारून विचारून लिहिलं. बाबारावजी मान डोलवत.

मग मी म्हटलं, "साहेब, हे दोन तासांचं झालं. आदल्या दिवशी दुपारपासून माणूस उलट्या करत होता, त्याचं लिहा. गाडी वावरात उभी होती. पंपात काय होतं ते लिहा."

"तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात ना? फवारणीतलं तुम्हाला काय कळतं?"

"गाडी उभी होती हे समजायले काय लागते?"

एक-दोघं हसले बाहेर. साहेब नाही हसले. कागद माझ्यासमोर सरकवला. म्हटलं, वाचतो आधी. वाचला. "सदर वाहनात अनधिकृत विद्युत उपकरण बसविल्यामुळे वाहन सुरू होऊ शकले नाही व रुग्णास उपचार मिळण्यास विलंब झाला." बस. पुढं सहीची जागा.

"बाकीचं?"

"बाकीचं वेगळं नोंदवू."

"मग सही बी वेगळी करीन."

बाबूनं शेरा मारला, निवेदकाने स्वाक्षरी करण्यास नकार दिला. बाबारावजी उठताना म्हणे, "सही नसली तरी चालते, मिस्तरी. बोलला ना तू, सगळ्यायनं ऐकलं."

खरं आहे. बोललो मी.

१३ ऑक्टोबर

देवानंदनं जीप दुकानासमोरून नेली. हळू. थांबला नाही.

१८ ऑक्टोबर

आरटीओनं जीपचा परवाना अडकवून ठेवला म्हणतात. उंबरपोड अन तांड्यावर आता एकही गाडी नाही. पोरं शाळेले पायी डांबरीपर्यंत. एक बाळंतीण काल बैलगाडीतून आली. पोहोचली. दोघं बरे आहेत.

हे माझ्या खऱ्यानं केलं.

बाबारावजीच्या वावरात फवारणी चालू आहे. नवे मजूर, तेलंगणातून.

२५ ऑक्टोबर

देवानंदची याडी, म्हणजे आई, आली. म्हातारी, हातभर काचेचा चुडा, आरशाची ओढणी. दुकानाच्या पायरीवर बसली. वाटलं, मले शिव्या देईन. म्हणे, "पोरगं जेवत नाई. तुमच्यावर राग नाई त्याचा. तो म्हनते, भाऊनं मले सांगतलं असतं का बल्ब लागते, तं मी पैसे देऊन लावला असता."

शिव्या परवडल्या असत्या.

चहा मागवला. पिऊन गेली. बशीसुद्धा धुऊन ठेवली नळावर.

२९ ऑक्टोबर

र. नं विचारलं, विहारात काहून येत नाही. म्हटलं, काम असते. म्हणे, काम कुठं आहे तुमच्यापाशी?

खरंच नाही. लोक नव्या दुकानात जातात. कोणी तोंडावर काही म्हणत नाही. एक जुना गिऱ्हाईक, पारव्याचा, म्हणे, "तुमी कोर्टकचेरीचे मानसं झाले, भाऊ." हसत म्हणे.

मले राग येते. बाबारावचा येते, त्या पेनवाल्या बाबूचा येते, नागपूरच्या डबेवाल्याचा येते, ज्यानं डिंक भरून विकला. मग राग फिरत फिरत ड्रॉवरपाशी येते. ड्रॉवर उघडत नाही आजकाल. स्क्रू लागले तरी बाहेरून आणतो.

३ नोव्हेंबर

सुमन आली. डांबरीपर्यंत पायी, मग सकाळच्या एसटीनं. यवतमाळले एक वकीलबाई आहे म्हणे, फवारणीत गेलेल्यायच्या बायकांचे कागद फुकट करून राह्यली. तिनं सांगतलं, मिस्तरीच्या हातचं पूर्ण लिहून आण, सहीसगट. मग वकीलबाई ते कोर्टात लावीन.

"तुमी म्हटलतं, वेगळी सही करीन."

म्हटलतं.

शटर अर्धं ओढलं. कागद घेतला, लिहायले बसलो. ती स्टुलावर, थैली मांडीवर. पाऊण तास लागला. आदल्या दुपारचं, तिनं सांगतलं तसं, तिच्या नावानं. दिवानजी, वावरातली गाडी, निंबूपाणी. मग बटन, वायर, डबा. मग देवानंद. मग मी.

म्हणे, "वाचून दाखवा."

वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मधात एका ठिकाणी हात वर केला.

"हे परत."

"'माझ्याकडून बटनावर सूचनेचा लाल बल्ब लावण्याचे चुकून राहून गेले.'"

"चुकून कायले?"

मी कागद परत पाह्यला.

"तुमी मले घरी येऊन सांगतलं, रागात नाई लावला. मंग चुकून कायले?"

लिहिताना माझ्या लक्षातही आलं नाही, का मी तो शब्द लिहिला. हातानं आपोआप लिहिला. खरंच आपोआप लिहिला का, ते मले आता रात पडली तरी समजून नाही राह्यलं.

खोडला. वर लिहिलं, "जाणूनबुजून लावला नाही." पेन दोनदा थांबला. तिनं घाई नाही केली.

मग तिनं विचारलं, "देवानंदच्या जागी काय लिहिलं?"

"'बटन चुकून चालू राहिले.'"

"तिथं राहू द्या."

सही केली. तारीख टाकली. तिनं कागद दोन घड्या करून थैलीत घातला, वरून पोरीचा फ्रॉक ठेवला. दोनच्या यवतमाळ गाडीनं गेली. स्टँडवर सोडून देऊ का म्हटलं, तं नाही म्हणे.

वकीलबाई घेईन का नाही, कोर्ट वाचीन का नाही, काही माहीत नाही. त्या कागदानं कोणाचं काय होईन तेही माहीत नाही. माझं काही होऊ शकते. र. ले सांगतलं. तिनं विचारलं, जेवले का?